जुन्या सिंगर मशीनवर टाका सुटतोय? शटलला हात लावण्याआधी हे बघा

मृग तोंडावर आला की माझ्याकडे एकच तक्रार येते. "ताई, टाका सुटून राहिला. टायमिंग गेलं वाटते." टायमिंग म्हणजे सुई आणि तिच्याखालचं शटल (दोरा पकडणारा टोकदार भाग) यांचा मेळ. तेव्हा ताडपत्र्या शिवायच्या असतात. मग पोळ्याच्या आधी बैलांच्या झुलींची घाई होते आणि दसरा झाला की कापूस वेचायच्या झोळ्यांची. काम तंगलेलं असतं तेव्हाच मशीन नखरे करते, आणि तेव्हाच माणूस घाईने पेचकस हातात घेतो.

वर्धा जिल्ह्यात, देवळीजवळच्या आमच्या गावात बाबांनी जन्मभर ताडपत्री आणि बारदान शिवलं. मशीन दुरुस्ती मी त्यांच्याजवळच शिकले. आमच्या भागात अजून चालू असलेल्या जुन्या कारखानी मशिनींपैकी बऱ्याच सिंगर ३१के आहेत, नाहीतर तिच्या बहिणी. त्यातल्या किती मशिनी फक्त 'टाका सुटतो' म्हणून मी उघडल्या, त्याचा हिशेब ठेवला नाही. पण एवढं पक्कं सांगते, खरोखर टायमिंग हललेल्या मशिनी त्यात फार थोड्या होत्या. बहुतेक वेळा दोष सुईत निघाला. आणि टायमिंग हललेलं होतं तिथे ते बहुतेक कुणीतरी पेचकसाने हलवलेलं होतं.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. बिनपैशाचं आणि सोपं आधी ठेवलं आहे, अवघड सगळ्यात शेवटी.

लक्षणं

टाका सुटतो म्हणजे नेमकं काय, ते आधी ओळखा. वरून बघितलं तर ओळीत मध्येच एखादा टाका दुप्पट लांब दिसतो. त्याच जागी कापड उलटं करा. सुईचं भोक दिसेल, पण वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकलेला नसेल. खालचा दोरा तिथे नुसता सरळ पडलेला असतो.

कापडाखाली दोऱ्याचं जाळं होत असेल तर तो टाका सुटणं नव्हे. तिथे वरचा दोरा ढिला आहे, बहुधा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नाही. दाबपाय वर उचलून दोरा पुन्हा ओवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. खालचा दोरा ठिपक्याठिपक्यांनी वर दिसत असेल तर वरचं टेन्शन जास्त आहे नाहीतर बॉबिन केसचं कमी. या दोन्हींसाठी पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

खरोखर टाका सुटत असेल तर तो कधी सुटतो ते बघा. जाड जोडावर चढतानाच सुटतो का? तिथे सुई बारीक पडते किंवा पायाचा दाब कमी असतो. ताडपत्रीवर छान चालते आणि शर्टाच्या कापडावर सुटतो का? मग प्लेटचं, म्हणजे सुईखालच्या पत्र्याचं, भोक बघावं लागेल. कुठेही, कसाही सुटत असेल तर सुई वाकडी आहे किंवा चुकीची आहे. एकही टाका लागत नसेल तर सुई उलटी बसली आहे, मशीन उलटी फिरते आहे, नाहीतर सुईचा दांडा, म्हणजे मशीनचा ज्यात सुई बसते तो दांडा, सरकला आहे.

सगळ्यात कामाचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो मी दारातच विचारते. शेवटचं चांगलं शिवलं त्यानंतर काय झालं? नवीन सुई लावली, नवीन रीळ आणलं, जाड गाठीवर सुई मोडली, मोटर बदलली, पोरांनी चाक उलटं फिरवलं. यातलं एक उत्तर जवळजवळ नेहमी येतं आणि अर्धं काम तिथेच होतं.

टाका बसतो कसा

हे दोन मिनिटं समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळेल.

सुई दोरा घेऊन कापडाच्या खाली जाते. तळाला पोचली की लगेच थोडी वर उठते. या वर उठण्यात सगळं आहे. सुईला एका बाजूने लांब खाच असते, तिथे दोरा लपून मोकळा वर जातो. दुसऱ्या बाजूला तशी लांब खाच नसते, म्हणून तिथला दोरा कापडाला घासून अडकतो, सुईबरोबर वर जात नाही, आणि बाहेर फुगतो. तो फुगा म्हणजे फास. नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक तिथे येतं, फासात शिरतं आणि दोरा बॉबिन केसभोवती फिरवून आणतं. म्हणजे टाका सुटायची कारणं दोनच. एक तर फास नीट तयार झाला नाही, नाहीतर शटलचं टोक वेळेवर, जवळून गेलं नाही. पहिलं कारण रोज घडतं, दुसरं क्वचित.

हात घालण्याआधी मोटर असेल तर बटण बंद करून पिन काढा. पायाची मशीन असेल तर पट्टा चाकावरून उतरवा. पायडलवर चुकून पाय पडला तर सुई बोटातून आरपार जाते, आणि मी तसं झालेलं बघितलं आहे.

मशीन कुठल्या दिशेने फिरते?

यात एक पैसाही लागत नाही. चाकाचा वरचा भाग तुमच्याकडे आला पाहिजे. पायडलवर नवशिक्या मुली बसल्या की सुरुवातीला चाक हमखास उलटं जातं, दोरा तुटतो, टाका लागत नाही. पट्टा आठच्या आकड्यासारखा फिरवून बसवला असेल तरी चाक उलटं फिरतं. नवीन मोटर लावल्यापासून एकही टाका लागत नसेल तर आधी हेच बघा. मोटरची दिशा बदलायचं काम मात्र इलेक्ट्रिशियनचं.

सुई

इथे मी थांबून सांगणार आहे, कारण निम्म्याहून जास्त मशिनी इथेच नीट होतात.

आधी जुनी सुई काढा आणि नवीन लावा. "ताई, सुई तर चांगली आहे" हे मला रोज ऐकावं लागतं. डोळ्याला चांगलीच दिसते ती. आरशाच्या काचेवर आडवी ठेवून हळूहळू लोळवा. वाकलेली असेल तर काच आणि सुई यांच्यातली फट कमीजास्त होताना दिसते. सुईचं टोक नखावरून ओढून बघा. ओरखडा उठला तर टोक मुडलं आहे. ताडपत्रीच्या कडेला गोल पितळी कडी असते, तिच्यावर एकदा आपटलेली सुई पुन्हा वापरू नका.

मग ती बसवली कशी आहे ते बघा. मशीन कुठलीही असो, नियम एकच. लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला, आणि भोकाच्या वरची खोलगट कापलेली जागा शटलच्या टोकाकडे. घरगुती सुईचा स्वतःचा दांडा, म्हणजे स्क्रूखाली बसणारा तिचा वरचा जाड भाग, एका बाजूने चपटा असतो, त्यामुळे ती उलटी बसतच नाही. कारखानी सुईचा दांडा पूर्ण गोल असतो, ती कशीही बसते. इथेच फसगत होते. थोडीशी तिरकी बसली तरी फास शटलच्या समोर न येता बाजूला फुगतो आणि अधूनमधून टाका सुटतो. मी सुईच्या भोकात दुसरी बारीक सुई आडवी घालते. ती काट्यासारखी दिशा दाखवते, आणि डोळा कमी दिसणाऱ्यालाही तिरकेपणा कळतो. ही सवय बाबांची. स्क्रू आवळताना सुई वर पूर्ण टेकलेली पाहिजे, एक केसही खाली नको.

आता मुख्य गोष्ट, सुईची जात. बाजारात तीन जाती सर्रास मिळतात. पाकिटावर एचए×१, डीबी×१ किंवा डीपी×५ असं छापलेलं असतं. एचए×१ ही घरगुती, चपट्या दांड्याची. डीबी×१ चा दांडा गोल आणि बारीक, १.६२ मिलिमीटरचा. डीपी×५ चा गोल पण जाड, २ मिलिमीटरचा. घरगुती सुईचं भोक कारखानी सुईपेक्षा जवळपास ३ मिलिमीटर खाली येतं. शटलसाठी ३ मिलिमीटर म्हणजे फार मोठं अंतर आहे.

मशीनच्या दांड्यातल्या दोन मिलिमीटरच्या भोकात १.६२ ची सुई घातली तर ती आत हलते आणि स्क्रू आवळला की एका बाजूला दाबली जाते. मग ती शटलपासून दूर सरकते, टोक फासाच्या बाजूने निघून जातं. दिसायला सगळं ठीक असतं. तालुक्याच्या दुकानात "कारखानी मशीनची सुई द्या" म्हटलं की हाताला येईल ते पाकीट मिळतं. दुकानदाराचीही चूक म्हणता येत नाही, आपण जात सांगितलीच नव्हती.

"माझ्या ३१के ला कुठली सुई?" असं मला विचारतात. मशीन बघितल्याशिवाय मी सांगत नाही. आपल्याकडच्या जुन्या मशिनी तीन-चार हातांतून आलेल्या असतात. मधल्या कुणी दांडा खालीवर करून, नाहीतर बदलून, वेगळ्या सुईवर चालवलेल्या असतात. मशीन चांगली चालत असताना जी सुई होती ती जपून ठेवा, तीच खरं माप. दुकानात तीच घेऊन जा. मी प्रत्येक मशीनच्या खणात एक सुई कागदात गुंडाळून, वर जात लिहून ठेवते.

माझी एक चूक सांगते. बाबा गेल्यानंतरचं पहिलं वर्ष. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या गावचे एक काका मशीन बैलगाडीत घालून घेऊन आले. ढग भरून आले होते, त्यांना चार ताडपत्र्या द्यायच्या होत्या. मी घाईत सरळ सुईचा दांडा ढिला केला. मूळ जागेची खूण केली नाही. दिवसभर वर-खाली, वर-खाली. संध्याकाळी सुई काढून बघितली तर तिचा दांडा बारीक होता आणि मशीनच्या दांड्यातलं भोक मोठं. दोन मिनिटांचं काम होतं. दांडा मूळ जागी आणायला मला दुसरा दिवस लागला आणि काकांची पहिली ताडपत्री पावसानंतर गेली. तेव्हापासून मी सुई काढून हातात घेतल्याशिवाय मशीनचा एकही स्क्रू फिरवत नाही.

सुईचा नंबरही बघा. नंबर १४ म्हणजे ९०, १६ म्हणजे १००, १८ म्हणजे ११०, २१ म्हणजे १३०. हा मोठा आकडा म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग, ९० ची सुई ०.९ मिलिमीटर जाड. शर्ट-परकराला १४, जाड खादीला आणि झोळीला १६ किंवा १८, ताडपत्रीला १८ ते २१. जाड दोऱ्याला बारीक सुई लावली तर दोरा खाचेत मावत नाही, घासतो, फास बिघडतो. खात्री करायची असेल तर हातभर दोरा सुईत ओवा, ताणून तिरका धरा आणि सुई वरच्या टोकाला सोडा. आपल्या वजनाने घसरत खाली आली तर जोडी जमली. अडकली तर सुई मोठी घ्या.

दोरा

सुई बदलूनही सुटत असेल तर रीळ बदला. घरात दुसरं चांगलं रीळ असतंच. मशीनच्या वरच्या दोऱ्याचा पीळ डावा लागतो. उजव्या पिळाचा दोरा सुईतून जाताना उकलतो, त्याचे पदर सुटे होतात आणि शटलचं टोक फासाऐवजी पदरांत घुसतं. ओळखायची रीत अशी: दोरा दोन्ही हातांत आडवा धरा, उजव्या हाताच्या चिमटीत तो आपल्याकडे लोळवा. पीळ घट्ट होत गेला तर दोरा बरोबर, उकलला तर तो मशीनच्या कामाचा नाही. हातकताईचं सूत वरच्या दोऱ्याला लावायचा हट्ट काही जण करतात. त्यांना मी हेच करून दाखवते.

आमच्या जिल्ह्यात हा विषय जवळचा आहे. सेवाग्राम इथलंच. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये सिंगरच्या शिलाई मशीनला मात्र अपवाद मानलं होतं. बाबा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि मशीन पुसताना तर नक्कीच सांगत.

उन्हात ठेवलेलं जुनं रीळही दगा देतं. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा जातो. टिनाच्या छपराखाली खिडकीत राहिलेला दोरा कोरडा, ठिसूळ होतो. तो डब्यात ठेवा.

मळ, फुसकट आणि चुकीचं तेल

प्लेटचे दोन स्क्रू काढा, बॉबिन केस काढा, शटल काढा. काढताना प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो घ्या आणि स्क्रू थाळीत ओळीने मांडा. सिंगरच्या स्क्रूंचे आटे त्यांच्या स्वतःच्या मापाचे असतात. हरवला तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणार नाही.

शटल ज्या गोल घरात हलतं तिथे कापसाचं फुसकट आणि काळ्या मातीची धूळ तेलात भिजून नमद्यासारखी बसते. शटल मागेपुढे हलताना तिथे अडखळतं, क्षणभर उशिरा येतं आणि टाका सुटतो. जुना टूथब्रश, लाकडी काडी, फडकं एवढं पुरे. कापड पुढे ढकलणाऱ्या दातांच्या फटी विसरू नका. तिथला थर प्लेटला टेकला की कापड उचललं जातं.

तेलाचं जरा खोलात सांगते, कारण आपल्या गावांत मशिनी याच्यामुळे मरतात. घरात जे असेल ते तेल घालतात. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरच्या सकाळी मशीन जड होते आणि ऊन चढलं की 'आपोआप' सुटते, ती यामुळे. जवसाचं तेल त्याहून वाईट. विदर्भात जवस घरोघरी, म्हणून ते पडतंच. पण जवसाचं तेल हवेत वाळून कातडीसारखा कडक थर धरतं. रंगात आणि वार्निशात ते याच गुणासाठी घालतात. तुमच्या मशीनच्या सांध्यांत ते वार्निशच होऊन बसतं. मोटरसायकलचं काढलेलं काळं ऑईल तर बिलकूल नको, त्यात धातूचा बारीक चुरा असतो.

असं तेल बसलेलं असेल तर प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-चार थेंब सोडा, चाक हाताने फिरवत राहा, काळं पाणी निघेल ते पुसा. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालतं. हे काम अंगणात करा, चुलीपासून आणि मोटरपासून लांब, आणि ते फडकं घरात टाकू नका. रॉकेल जुन्या तेलाबरोबर चांगलं तेलही धुऊन नेतं, म्हणून कोरडी मशीन तशीच चालवू नका. लगेच शिलाई मशीनचं पातळ, पांढरं तेल घाला. एका दिवसात सुटली नाही तर रात्रभर मुरू द्या. सहा-सहा महिने बंद पडलेली मशीन मी तीन दिवसांत अशी सोडवली आहे, एकही हातोडा न मारता. बाहेरून मात्र थिनर किंवा स्पिरिट लावू नका. सोनेरी नक्षी त्याने निघून जाते आणि ती परत येत नाही. साबणाच्या ओल्या फडक्याने हलकं पुसा, लगेच कोरडं करा, वरून तेलाचा हात फिरवा.

पायाचा दाब आणि प्लेटचं भोक

सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर वर उचललं गेलं तर दोरा घासून अडकणार कुठे? फास तयारच होत नाही. जाड कापडावर हे डोळ्यांनी दिसतं. चाक हाताने फिरवा आणि सुई वर येताना पायाजवळ बघा. कापड फुगत असेल तर वरचा दाबाचा स्क्रू एक-दोन फेरे आवळा.

पातळ कापडावर सुटतो त्याचं कारण बहुधा प्लेटच्या भोकात असतं. वर्षानुवर्षं २१ ची सुई चालवून भोक मोठं झालेलं असतं, किंवा कुणी मुद्दाम कोरलेलं असतं. १४ ची सुई पातळ कापड त्या भोकात ढकलते आणि परत ओढते. ताडपत्रीसाठी एक आणि शर्टासाठी एक अशा दोन प्लेटा ठेवा. तात्पुरता उपाय म्हणजे कापडाखाली वर्तमानपत्राचा कागद धरून शिवा. टाका लागायला लागला तर दोष प्लेटचाच, आता नवीन प्लेट आणायला हरकत नाही. भोकाच्या कडेला सुई आपटून झालेली खरखर बारीक पॉलिश पेपरने काढता येते.

शटलचं टोक

शटल काढलेलंच आहे तर उन्हात धरून बघा, भिंग असेल तर उत्तम. टोक टोकदार आणि गुळगुळीत पाहिजे. नख फिरवल्यावर खरखरलं तर तिथे सुई लागली आहे. अगदी बारीक खरखर असेल तर तेलाच्या दगडावर बाजूने हलका हात फिरवा. टोकाची लांबी कमी होता कामा नये. टोक बोथट झालं असेल, तुटलं असेल किंवा गंजाने खाल्लं असेल तर घासत बसू नका, नवीन शटल घ्या. जुनं सोबत नेऊनच घ्या. तुमच्या मशीनवर '३१के' लिहिलेलं असेल तर त्यातला 'के' म्हणजे स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना. तो १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. म्हणजे तुमची मशीन किमान साडेचार दशकं जुनी, आणि तेव्हापासून बाजारात तिच्या नावाने येणारे भाग वेगवेगळ्या हातांचे. मापात थोडा फरक निघतो.

सुईच्या दांड्याची उंची

वरचं सगळं झालं असेल तरच इथे या. मागेपुढे हलणाऱ्या शटलच्या मशीनमध्ये टायमिंग म्हणजे मुख्यतः सुईच्या दांड्याची उंची. ९६के सारख्या, शटलऐवजी गोल फिरणारा हुक असलेल्या मशीनमध्ये हुकचे स्क्रूही ढिले करावे लागतात. तो हात बसलेला नसेल तर तिथे हात घालू नका.

दाबपाय आणि प्लेट काढा. योग्य जातीची नवी सुई पूर्ण वर बसवा. सुई सगळ्यात खाली येईपर्यंत चाक फिरवा आणि दांडा जिथे खालच्या बुशातून (तो ज्या नळीत वरखाली सरकतो तिच्यातून) बाहेर येतो तिथे बारीक रेघ मारा. फोटोही घ्या. ही रेघ म्हणजे तुमचा परतीचा रस्ता.

आता चाक पुढे फिरवून सुई साधारण २.४ मिलिमीटर वर येऊ द्या. अनेक जुन्या सिंगरच्या दांड्यावर दोन बारीक रेषा कोरलेल्या असतात. पहिली सुई खाली असतानाची, दुसरी बरोबर या जागेची. मळ पुसल्याशिवाय त्या दिसत नाहीत. या क्षणी शटलचं टोक सुईच्या मधोमध आणि भोकाच्या वरच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर वर पाहिजे. टोक आणि सुई यांच्यात वहीच्या कागदाएवढी फट असावी, त्याहून जास्त नको. टोक सुईला घासताही कामा नये.

टोक भोकाच्या अगदी जवळ किंवा भोकातूनच जात असेल तर सुई उंच आहे, दांडा खाली करा. टोक तीन-चार मिलिमीटर वरून जात असेल तर सुई खाली आहे, दांडा वर करा. डाव्या बाजूचं झाकण काढलं की दांडा धरणारा स्क्रू दिसतो. तो अर्धा फेराच ढिला करा. दांडा अर्ध्या मिलिमीटरने हलवा, जास्त नाही, आणि गोल फिरू देऊ नका, नाहीतर सुईची खाच तिरकी होईल. आवळा, चाक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं किंवा टकटक ऐकू आली तर तिथेच थांबा. काही नाही लागलं तरच कापड घाला, आणि पहिली वीतभर शिवण हातानेच.

कधी थांबायचं

सुईचा दांडा हाताने धरून पुढेमागे, डावीकडे-उजवीकडे हलवा. तो बुशात खडखडत असेल तर भोक झिजलं आहे. कितीही टायमिंग लावा, दर टाक्याला सुई वेगळ्या जागी पडणार. बुश बदलायला लेथवाला आणि मशीन जाणणारा मिस्त्री दोघंही लागतात.

शटल हलवणारा आडवा दांडा आणि चाक यांच्यात ढिलाई जाणवली, म्हणजे चाक धरून ठेवूनही शटल हाताने हलत असेल, तर आतली खीळ सैल आहे किंवा गिअर झिजले आहेत. ते घरचं काम नव्हे. मशीनच्या बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, तडा दिसला तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. बीड साध्या वेल्डिंगने शेजारून पुन्हा फुटतं.

जुन्या मोटरला हात लावल्यावर मुंग्या आल्या, जळका वास आला किंवा वायरचं रबर चुरा होऊन पडत असेल तर त्याच क्षणी पिन काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याच्याकडून अर्थिंगही तपासून घ्या.

स्क्रू निघत नसेल तर खाचेत नीट बसणारा पेचकस घ्या, तेल सोडा, रात्रभर थांबा, सकाळी पुन्हा बघा. दोन दिवसांत हलला नाही तर जोर लावू नका, डोकं मोडलं की खर्च चौपट होतो. आणि दांड्याची उंची दोनदा लावूनही टाका सुटत असेल तर तिसऱ्यांदा लावू नका. दांडा आपल्या रेघेवर परत आणा आणि मिस्त्रीकडे जा.

जाताना टाका सुटलेलं कापड तसंच घेऊन जा, उसवू नका. सोबत वापरत होता ते रीळ, सुईचं पाकीट आणि मशीनमधून काढलेली जुनी सुई घ्या. मशीन बैलगाडीत किंवा टेम्पोत नेणार असाल तर सुई काढा, पाय खाली करून त्याखाली कापडाची घडी ठेवा आणि डोकं टेबलावरून उतरवून पोत्यावर आडवं झोपवा.